विमानतळाच्या आत कोण कुणाला थांबवतं?

प्रश्न पेडण्याच्या एका गृहस्थांचा आहे. त्यांची उमर डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात खनिजाचा ट्रक चालवण्यात गेली. मुलगा आता मोपाच्या विमानतळावर सामानाचा ट्रॅक्टर चालवायला लागतोय. ते विचारतात: पोराकडे पक्कं लायसन्स असताना विमानतळवाले पुन्हा परीक्षा का घेतात? आत सिग्नल नाही, ट्रॅफिक पोलीस नाही, मग एवढ्या गाड्या आणि विमानं एकमेकांवर आदळत कशी नाहीत? आणि त्याला रात्रपाळीला पाठवायला हरकत नाही ना?

माझी नोकरी विमानतळाच्या जमिनीवरची वाहतूक सांभाळण्यात गेली, त्यामुळे तिन्ही प्रश्नांना नीट उत्तर देतो.

आधी जागा समजून घ्या. विमानं जिथे उभी राहतात, माणसं चढतात-उतरतात, सामान आणि इंधन भरलं जातं, तो एप्रन. तुमच्या मुलाचं जवळजवळ सगळं काम तिथेच. एप्रनवरून धावपट्टीपर्यंत विमान ज्या वाटेने चालत जातं तो टॅक्सीवे. शेवटी धावपट्टी. टॅक्सीवे आणि धावपट्टीवर चाक टाकायचं तर टॉवरची, म्हणजे विमानांना आणि गाड्यांना वाट देणाऱ्या नियंत्रण कक्षाची, परवानगी लागते, तीही दर फेरीला नव्याने. सकाळी मिळालेली परवानगी दुपारी चालत नाही. एप्रनवर फेरीगणिक विचारावं लागत नाही. तिथे गाड्यांसाठी पांढऱ्या रेषांची वाट आखलेली असते, वेगाची मर्यादा लिहिलेली असते, आणि सगळ्यांच्या वर एकच नियम असतो: विमान हललं की गाडी थांबते. ते स्वतःच्या ताकदीवर चालत असो की टगने, म्हणजे विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरने, ओढलं जात असो, फरक पडत नाही. विमानाला आधी वाट मिळते.

रस्त्यावरचं लायसन्स अपुरं पडतं ते इथे. हमरस्त्यावर तुम्ही चुकलात तर समोरचा ब्रेक मारतो. दोघंही एकमेकांना बघत असतात आणि अर्धे अपघात त्यामुळेच टळतात. विमानाच्या बाबतीत हा दुसरा आधार नाही. पायलट उंचावर बसतो आणि नाकासमोरचा कित्येक मीटरचा पट्टा त्याला दिसतच नाही. नेहमीच्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३६ मीटर भरतात. ती टोकं मागे राहतात, आणि कॉकपिटमधून त्यांच्यावर भरवसा ठेवता येईल इतकी दिसत नाहीत. खाणीवर डंपरच्या पुढ्यात जीप उभी करायची नसते हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. तीच गोष्ट इथे, पण या डंपरला हात पसरलेले आहेत आणि त्याचं चालू इंजिन माणसाला आत ओढून घेऊ शकतं.

हे भीती घालायला लिहिलेलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत विमान मागे ढकलून झाल्यावर पायलटला खालचा इशारा चुकीचा समजला, विमान पुढे निघालं, आणि जवळ उभा असलेला तंत्रज्ञ चालू इंजिनात खेचला गेला. अनुभवी माणूस होता. म्हणून मुलाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची म्हटलं तर मी बीकन शिकवीन. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकतो, तो बीकन. तो चालू आहे म्हणजे इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे. विमान बेवर, म्हणजे उभं राहण्याच्या आखलेल्या जागेवर, येऊन थांबलं, चाकांना चॉक म्हणजे अडवायचे ठोकळे लागले, इंजिन बंद झालं, बीकन विझला, विमानाभोवती इशाऱ्याचे शंकू मांडले गेले, आणि जबाबदार माणसाने या म्हटलं, की मगच गाडी पुढे घ्यायची. त्याआधी बेच्या लाल रेषेबाहेर थांबायचं. सामान उशिरा गेलं तर चार माणसं ओरडतील. ओरडू देत.

मागच्या बाजूचा धोका लोक विसरतात. उभं विमान जागचं हलवायला पायलट इंजिनाचा जोर वाढवतो आणि मागे गरम हवेचा झोत सुटतो. रिकामी ट्रॉली, सामानाचा डबा, ताडपत्री, माणूस, काहीही उडतं. चालू विमानाच्या मागून जाताना चालकाने अंतराचा अंदाज बांधत बसू नये. विमान जाऊ द्यावं.

विमानाला भिडण्याचीही रीत आहे. जवळ जायच्या आधी थोड्या अंतरावर गाडी पूर्ण थांबवायची. ब्रेक लागतोय हे तिथेच कळलं पाहिजे, विमानाच्या दाराशी कळून उपयोग नाही. पुढे माणसाच्या चालीने जायचं. रिव्हर्स घ्यायची तर मागे इशारा करणारा माणूस हवा. मार्शलर हातात काठ्या घेऊन विमानाला बोलावत असेल तर त्याच्या आणि विमानाच्या मधून कधीही जायचं नाही. पंखाखालून वाट काढायची नाही. इंधनाची गाडी लागलेली असेल तर तिच्या पुढ्यात काही उभं करायचं नाही, कारण आग लागलीच तर ती रिव्हर्स न घेता सरळ पुढे पळाली पाहिजे. आणि ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या किती जोडायच्या ते विमानतळ ठरवतो. शेवटची ट्रॉली वळणावर किती आत कापते हे तुम्ही ट्रेलर बघितलेला माणूस मुलाला माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगाल. विमानाच्या पंखावरचा किंवा पत्र्यावरचा ओरखडा लपवणं हा मात्र एप्रनवरचा सगळ्यात मोठा गुन्हा मी मानतो. लागलं तर लगेच सांगायचं. जमिनीवर क्षुल्लक दिसणारा पोचा तीस हजार फुटांवर, आतल्या हवेच्या दाबाखाली, क्षुल्लक राहत नाही.

आता धावपट्टी. सुरुवातीला तुमच्या मुलाला तिकडे जावं लागणार नाही. पण पुढे तो विमानाला वाट दाखवणाऱ्या फॉलो-मी जीपवर, देखभालीच्या गाडीवर किंवा टगवर गेला तर जावं लागेल, आणि मोठे अपघात तिथेच झालेत.

धावपट्टीला जाऊन मिळणाऱ्या प्रत्येक टॅक्सीवेवर चार पिवळ्या रेषा आडव्या मारलेल्या असतात, दोन सलग, दोन तुटक. तुमच्या बाजूला सलग रेषा असतील तर परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. तुटक बाजूने येत असाल तर तुम्ही धावपट्टीवरून बाहेर पडताय, न थांबता पूर्ण बाहेर या. बाजूला लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा आकडा असतो. आत लाल पाटी म्हणजे हुकूम, पिवळी पाटी म्हणजे दिशा, काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे तुम्ही आता कुठे आहात. काही ठिकाणी जमिनीत लाल दिव्यांची आडवी रांग असते, तिला स्टॉप बार म्हणतात. ती पेटलेली असताना टॉवरने जा म्हटलं तरी ओलांडायची नाही. दिवे लाल दिसताहेत असं कळवायचं आणि ते विझेपर्यंत थांबायचं.

ही रेषा इतक्या लांब का? मोठ्या विमानांच्या, उपकरणांवर उतरता येण्याजोग्या धावपट्टीला ती मध्यरेषेपासून साधारण ९० मीटरवर असते. नव्या चालकाला वाटतं, जागा वाया घालवलीय. डिसेंबर २०१६ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर पहाटे मुंबईला निघालेलं एक बोइंग ७३७ उड्डाणाची धाव सुरू करतानाच धावपट्टी सोडून बाजूला गेलं आणि गिरकी घेऊन थांबलं. आत दीडशेहून जास्त प्रवासी होते. धावपट्टीच्या कडेची मोकळी जमीन अशा वेळेसाठी असते, तिथे जीप उभी करून फोनवर बोलण्यासाठी नव्हे. दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. ढगांतून उतरणारं विमान धावपट्टीजवळच्या अँटेनांचे रेडिओ संकेत पकडून खाली येतं. चुकीच्या जागी उभी असलेली लोखंडी गाडी हे संकेत परावर्तित करून वाकवू शकते. म्हणूनच दृश्यता घसरली की काही ठिकाणी गाड्यांना आणखी मागच्या रेषेवर थांबवतात, आणि जरुरीच्या नसलेल्या गाड्या बाहेर काढतात.

आता जरा हिशेब. गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली तर या रेषेपासून पलीकडच्या रेषेपर्यंतचे १८० मीटर पार करायला २२ सेकंद लागतात. उतरणारं विमान ताशी सुमारे २५० किलोमीटरने येतं, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. सात किलोमीटरवर आकाशात ठिपक्याएवढं दिसणारं विमान पावणेदोन मिनिटांत तुमच्या डोक्यावर असतं. २२ सेकंद आणि पावणेदोन मिनिटं, वेळ भरपूर आहे असं वाटतं. पण मधेच इंजिन बंद पडलं तर? ट्रॉलीचा खटका निसटला तर? आणि विमान नुसतं बघून किती लांब आहे ते रात्री कुणालाच सांगता येत नाही, समोरून येणारा दिवा जागचा हलत नाही असंच दिसतं. म्हणून मोकळी दिसणारी धावपट्टी मोकळी आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार गाडीतल्या माणसाला दिलेला नाही.

अधिकार टॉवरला आहे आणि तो रेडिओवरून चालतो. रेडिओवर आपलं नाव, आपण कुठे आहोत आणि कुठे जायचंय ते सांगायचं. नियंत्रकाने दिलेली सूचना धावपट्टीच्या आकड्यासह परत म्हणून दाखवायची. याला रीडबॅक म्हणतात. नुसतं ‘रॉजर’, म्हणजे ऐकलं, म्हणून भागत नाही, कारण त्यातून तुम्ही काय ऐकलंत ते नियंत्रकाला कळत नाही. तुमचा रीडबॅक चुकला तर तिथल्या तिथे तो दुरुस्त करतो. ‘स्टँडबाय’, म्हणजे थांबा, ही परवानगी नव्हे. शांतता ही तर मुळीच नव्हे. गाडी आत गेली की नियंत्रक स्वतःच्या टेबलावरही त्या धावपट्टीच्या जागी एक खूण ठेवतो, कामाच्या गर्दीत गाडी आत असल्याचं विसरू नये म्हणून. तुम्ही बाहेर येऊन ‘व्हेकेटेड’ कळवेपर्यंत ती खूण हलत नाही. बाहेर येऊन कळवायला विसरणाऱ्या चालकामुळे उतरायला आलेलं विमान पुन्हा वर उचलावं लागतं.

रेडिओ बंद पडला तर टॉवरच्या दिव्याकडे बघायचं. लुकलुकणारा हिरवा म्हणजे जा. स्थिर लाल म्हणजे थांब. लुकलुकणारा लाल म्हणजे धावपट्टी किंवा टॅक्सीवे सोड आणि विमानांवर लक्ष ठेव. लुकलुकणारा पांढरा म्हणजे त्या भागातून बाहेर पड. टॉवरला घाई असेल तर धावपट्टीचे किंवा टॅक्सीवेचे दिवेच उघडझाप करतात. तेव्हा धावपट्टी सोडायची आणि टॉवरकडे बघायचं. परीक्षेत हे हमखास विचारतात.

१९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवर आदळून ५८३ माणसं गेली. धुकं होतं, दोघंजण एकाच क्षणी रेडिओवर बोलले, आणि नेमकं ऐकायला हवं ते शिट्टीसारख्या आवाजात बुडालं. हा अपघात सगळ्यांना माहीत असतो. गाडी चालवणाऱ्याने मात्र इटलीतलं मिलान आणि पेरूतलं लिमा जास्त लक्षात ठेवावं.

मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ ला दाट धुक्यात एक छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेवर वळलं आणि धावपट्टीवर पोचलं. पायलटांना वाटत होतं आपण बरोबर वाटेवर आहोत, टॉवरलाही तेच वाटत होतं. जमिनीवरचा रडार तेव्हा चालू नव्हता, खुणा आणि पाट्याही धड नव्हत्या. उड्डाण घेणारं प्रवासी विमान त्या जेटला धडकलं आणि पुढे सामानाच्या इमारतीत घुसलं. ११८ जणांचा बळी गेला. त्यातले चौघे विमानातले नव्हतेच, सामानाचं काम करणारे होते. तुमच्या मुलाचेच सहकारी म्हणा. लिमामध्ये १८ नोव्हेंबर २०२२ ला अग्निशामक दल किती वेळात पोचतं याचा सराव चालला होता. बंब धावपट्टीवर गेला तेव्हा एक ए३२० उड्डाणासाठी धावत होतं. दलाच्या लोकांना आपल्याला परवानगी आहे असं वाटत होतं. विमानातले सगळे वाचले, बंबातली माणसं गेली. टोकियोच्या हानेदावर २ जानेवारी २०२४ ला असंच झालं: भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं तटरक्षक दलाचं विमान आपल्याला धावपट्टीवर जायला सांगितलंय असं समजून आत गेलं आणि उतरणाऱ्या एअरबसखाली आलं. एअरबसमधले ३७९ जण सुखरूप बाहेर पडले, छोट्या विमानातले सहापैकी पाच गेले.

यातला कुणी बेफिकीर नव्हता. सगळ्यांना परवानगी मिळालीय असं प्रामाणिकपणे वाटत होतं. आमच्या कामात ‘वाटतं’ या अवस्थेत पुढे जायचं नाही, एवढ्यासाठीच एक गोष्ट दोनदा म्हणायला लावतात.

आपल्या गोव्याकडेही बघा. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. टॉवर नौदलाचा, आणि एकाच धावपट्टीवर मिग-२९के लढाऊ विमानं, टेहळणीची विमानं आणि प्रवासी विमानं चालतात. जानेवारी २०१८ मध्ये एक मिग धावपट्टीबाहेर जाऊन पेटलं, जून २०१९ मध्ये दुसऱ्या मिगची इंधनाची टाकी धावपट्टीवर पडून आग लागली. दोन्ही वेळा प्रवासी वाहतूक थांबवावी लागली. धावपट्टी एकच असली की तिच्यावर पडलेला नट-बोल्टही सगळ्यांचं काम अडवतो. २००० साली पॅरिसला कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान कोसळलं ते आधीच्या विमानातून पडलेल्या ४३ सेंटिमीटरच्या धातूच्या पट्टीने टायर फाटल्यामुळे. म्हणून मुलाला सांगा, सामानाच्या बॅगेचं तुटलेलं चाक, कुलूप, प्लास्टिकची पट्टी दिसली की उतरून उचलायची. ते काम सफाईवाल्याचं नाही, बघणाऱ्याचं आहे.

मोपाचा टॉवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ, खुणा नव्या, वाटा रुंद. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादला निघालेल्या एका विमानाने टॅक्सीवेलाच धावपट्टी समजून धाव घ्यायला सुरुवात केली. टॉवरच्या लक्षात आलं आणि त्यांनी थांबवलं. प्रशिक्षित पायलटला असं होऊ शकतं, तर नव्या चालकालाही होऊ शकतं. रात्री ओळख रंगांवरून ठेवायची. टॅक्सीवेच्या कडेला निळे दिवे असतात, मधे असलेच तर हिरवे. धावपट्टीच्या कडेला पांढरे. आपल्या दोन्ही बाजूंना पांढरे दिवे दिसले तर आपण धावपट्टीवर आहोत: आधी बाहेर पडायचं, मग टॉवरला सांगायचं. बाकी कुठेही वाट चुकली तर उलटं करायचं. जागीच थांबायचं आणि लगेच कळवायचं. वाट चुकल्याचं सांगणाऱ्या चालकाला रागावणारा वरिष्ठ मला कधीच पटला नाही, कारण पुढच्या वेळी तो चालक गप्प राहतो.

पावसाळा मोपाच्या सड्यावर वेगळाच असतो. ढग जमिनीला टेकतात, काचेवरचा वायपर पुरत नाही, पिवळ्या रेषा पाण्याखाली चमकून नाहीशा होतात. मे २०२४ मध्ये वीज पडून तिथले धावपट्टीचे दिवेच निकामी झाले होते आणि विमानं दुसरीकडे वळवावी लागली. पहिल्या पावसानंतर किडे वर येतात, त्यांच्यामागे बगळे, टिटव्या, घारी. गवतात पक्ष्यांचा थवा बसलेला दिसला की चालकाने कळवावं, ही माहिती टॉवरला आणि पायलटला लागते. कुत्रा दिसला तरी तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर कुत्रा आल्यामुळे बंगळूरहून आलेलं विमान न उतरता परत गेलं होतं. मात्र कुत्र्यामागे स्वतः गाडी घेऊन धावपट्टीत शिरायचं नाही.

आता रात्रपाळी. पाठवा. रात्री गर्दी आणि ऊन कमी असतं, दिवे दिवसाच्या रंगवलेल्या रेषांपेक्षा स्पष्ट दिसतात. धोका झोपेचा आहे, विशेषतः पहाटेच्या दोन-तीन तासांचा. दिवसा घरात त्याला सलग झोप मिळेल एवढं बघा. लग्नाच्या रात्री जागून थेट पाळीवर जायची वेळ आली तर त्याने पाळी बदलून मागावी. पार्टीचं म्हणाल तर विमानाजवळ गाडी चालवणाऱ्यांचीही श्वासचाचणी होते.

परीक्षेसाठी विमानतळाचा नकाशा मिळतो, त्यावर टॅक्सीवेची अक्षरं आणि धोक्याच्या जागा ठळक केलेल्या असतात. तो पाठ करून कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने काढायला सांगा, बेचे आकडे, गाड्यांची वाट टॅक्सीवेला कुठे ओलांडते, आग लागली तर जमायचं कुठे, सगळं. प्रात्यक्षिकाच्या आधी एखाद्या जुन्या चालकाच्या शेजारी बसून दिवसा एक आणि रात्री एक फेरी मारायला मिळते का ते त्याने सुपरवायझरला विचारावं.